साडेपाच सेकंद: १९७५ ची पोर्शे आणि २०२० ची यारिस

१९७५ साली विक्रीला आलेल्या पोर्शे ९११ टर्बोची ताकद २६० पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) होती आणि शून्यापासून ताशी १०० किलोमीटरपर्यंत पोहोचायला तिला, कंपनीच्या आकड्यांनुसार, साडेपाच सेकंद लागत. २०२० साली टोयोटाने युरोपात विकायला काढलेल्या जीआर यारिसची ताकद २६१ पीएस आहे आणि तिलाही तेवढेच साडेपाच सेकंद लागतात. पहिली गाडी तिच्या काळी रस्त्यावर धावणाऱ्या सर्वांत वेगवान गाड्यांपैकी एक होती आणि ती घेण्याची ऐपत फार थोड्यांची होती. दुसरी गाडी एका छोट्या शहरी गाडीचे नाव लावणारी तीन दारांची हॅचबॅक आहे. पगारदार माणूस कर्ज काढून ती घेतो, तिच्यातून कामावर जातो आणि शनिवारी तिच्यातूनच किराणा आणतो. हे दोन आकडे शेजारी शेजारी पाहिल्यापासून माझ्या मनात घोळत होते, कारण आकडे जुळले म्हणून गाड्या जुळतातच असे नाही, हे या धंद्यात काम करणाऱ्याला माहीत असते. मागच्या सप्टेंबरात एकाच दिवशी दोन्ही गाड्या चालवायला मिळाल्या, म्हणून हे लिहितो आहे.

मी स्टुटगार्टजवळ राहतो आणि गाड्यांचे सुटे भाग तपासण्याच्या कामात आहे. पुण्याहून, विशेषतः पिंपरी-चिंचवडहून, इकडे आलेले माझ्यासारखे इंजिनिअर पुष्कळ आहेत. आमच्या विभागातून निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ जर्मन सहकाऱ्यांकडे १९७६ ची ९११ टर्बो आहे. त्यांनी ती तरुणपणी जुनी म्हणून विकत घेतली आणि चाळीसहून अधिक वर्षे स्वतःच्या हाताने सांभाळली. यारिस माझ्या सांगलीच्या मित्राची आहे. दोघांची गाठ घालून देण्याचे काम तेवढे माझे.

आधी थोडे माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे या गाडीचे मला इतके का वाटते ते कळेल. आमच्या घरी प्रीमियर पद्मिनी होती, बाबांनी कंपनीतल्या एका सहकाऱ्याकडून घेतलेली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या फियाट ११०० ला पद्मिनी हे नाव मिळाले ते १९७४ साली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पॅरिसच्या प्रदर्शनात पोर्शेने ९११ टर्बो लोकांसमोर ठेवली. पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास, गिअरचा दांडा स्टिअरिंगला लागून. खंडाळ्याचा घाट चढताना बाबा दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ठेवत आणि तापमानाच्या काट्याकडे बघत बसत. माझ्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने एका मासिकातून कापलेले ९११ टर्बोचे चित्र चिकटवलेले होते. मागे देवमाशाच्या शेपटीसारखा पसरलेला तो काळा पंख आणि फुगलेले मागचे मडगार्ड मी डोळे मिटूनही काढू शकत असे. त्या दोन गाड्यांमधले अंतर मला तेव्हा माणसाच्या आयुष्यात न मिटणारे वाटे.

स्टुटगार्टच्या दक्षिणेला श्वेबिश आल्ब नावाचे डोंगराळ पठार आहे. तिथले रस्ते अरुंद, वळणांचे आणि सकाळच्या वेळी बरेचसे मोकळे असतात. टर्बोत मी आधी शेजारच्या सीटवर बसलो. चावी स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला, पाच गोल घड्याळे एका रांगेत आणि मधले सर्वांत मोठे घड्याळ वेगाचे नसून इंजिनच्या फेऱ्यांचे. टर्बोचा दाब दाखवणारा काटा १९७६ च्या या गाडीत नाही. तो १९७७ पासून आला. इंजिन सुरू झाले तेव्हा मागून पाण्याने थंड होणाऱ्या गाड्यांसारखा दबका आवाज आला नाही, तर इंजिनाला हवेने थंड करणाऱ्या मोठ्या पंख्याचा कोरडा घरघराट आला आणि त्याबरोबर गरम तेलाचा हलका वास. पंधरा मिनिटे त्यांनी गाडी अगदी हळू चालवली. तेल तापल्याशिवाय या इंजिनाकडून काही मागायचे नाही, हा त्यांचा नियम आहे.

मग एका सरळ, चढाच्या रस्त्यावर त्यांनी तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला आणि मला म्हणाले, "आता मोजा." मी मनात एक, दोन मोजले. गाडी चालली होती, पण एखाद्या साध्या गाडीसारखी. फेऱ्यांचा काटा तीन हजार ओलांडून पुढे सरकला, मागून एक बारीक शीळ ऐकू आली, आणि पुढच्याच क्षणी पाठ सीटमध्ये रुतली. हळूहळू वाढत जाणारा जोर तो नव्हता. कुणीतरी दार उघडावे आणि बाहेरचा सोसाट्याचा वारा एकदम आत यावा, तसा तो आला. नंतर मी स्वतः वीसेक किलोमीटर चालवली. क्लच जड, पेडल जमिनीतून वर आलेले, पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही, गिअर चारच, कारण त्या काळच्या पाच गिअरच्या पेटीला हा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा चाके फिरवणारा जोर, पेलणार नाही असे पोर्शेच्या इंजिनिअरांचे मत होते. सरळ रस्त्यावर मला फार आनंद झाला. वळणावर मात्र माझे हात घामाने ओले झाले.

त्या घामाचे कारण तांत्रिक आहे आणि मला ते सविस्तर सांगावेसे वाटते. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर फिरणारे चक्र, आणि त्याच दांड्यावर बसवलेले दुसरे चक्र इंजिनात जादा हवा कोंबते. जादा हवा म्हणजे जादा पेट्रोल जाळता येते. अडचण अशी की सिलिंडरमध्ये दाब आणि उष्णता फार वाढली की उरलेले पेट्रोल ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधी स्वतःच पेटते, ज्याला मेकॅनिक नॉकिंग म्हणतात, आणि ते चालू राहिले तर पिस्टन वितळतो. १९७५ साली प्रत्येक ठिणगीची वेळ क्षणाक्षणाला बदलणारा संगणक गाडीत नव्हता, नॉकिंग ऐकणारा सेन्सर नव्हता आणि पेट्रोल मोजून देण्याचे काम बॉशची एक यांत्रिक प्रणाली करत असे. म्हणून सुरक्षिततेसाठी कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण, ६.५ इतका खाली ठेवलेला होता. त्याचा परिणाम असा की टर्बो जागा होईपर्यंत हे तीन लिटरचे इंजिन सुस्त राही, आणि जागा झाला की सगळी ताकद एका दमात मागच्या चाकांवर येई. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे बसवलेले. वळणाच्या मध्यावर असा जोर आला आणि घाबरून चालकाने पाय काढला की वजन पुढे सरके, मागची चाके हलकी होत आणि गाडीची शेपटी बाहेर फेकली जाई. इंग्रजीत या गाडीला 'विडोमेकर', म्हणजे बायकोला विधवा करणारी, हे नाव पडले ते यामुळेच. पोर्शेने १९७८ साली इंजिन ३.३ लिटरचे केले, ताकद ३०० पीएसवर नेली, टर्बोतून येणारी तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर दिला आणि ब्रेक ९१७ या शर्यतीच्या गाडीवरून घेतले. पहिल्या तीन वर्षांच्या गाड्यांचे ब्रेक त्यांच्या वेगाच्या मानाने कमी पडत होते, असे माझे स्पष्ट मत ती चालवल्यावर झाले आहे.

दुपारी यारिस. इंजिन १.६ लिटरचे, सिलिंडर तीनच. म्हणजे पोर्शेच्या निम्म्याहून थोडे जास्त आकारमान आणि निम्मे सिलिंडर, आणि ताकद तेवढीच. दर लिटरमागे हिशेब केला तर पोर्शेचे सत्त्याऐंशी पीएस होतात आणि यारिसचे एकशे एकसष्ट. तिचा कॉम्प्रेशन रेशो १०.५ आहे. १९७५ च्या इंजिनिअरला टर्बो इंजिनात १०.५ असे कुणी सांगितले असते तर त्याने ते इंजिन तासाभरात फुटेल असे उत्तर दिले असते. ते फुटत नाही, कारण पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत फवारले जाते आणि वाफ होताना तिथली हवा थंड करते. नॉकिंगची चाहूल लागताच संगणक ठिणगी मागे घेतो. व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलता येते. आणि टर्बोचे चक्र हलके असून बॉल बेअरिंगवर फिरते. त्यामुळे ३६० न्यूटन मीटरचा पूर्ण टॉर्क ३,००० फेऱ्यांपासून ४,६०० फेऱ्यांपर्यंत सलग मिळतो. पाय दाबला की गाडी जाते. दबा धरून बसलेले काही नाही.

यारिसचे वजन १,२८० किलो आहे, म्हणजे साडेअकराशे ते बाराशे किलोच्या दरम्यान असलेल्या पोर्शेपेक्षा ती जडच आहे. छत कार्बन फायबरचे, बॉनेट आणि दारे अॅल्युमिनियमची, तरीही जड. अपघातात माणूस वाचवण्यासाठी जे पोलाद आणि ज्या एअरबॅग आज घालाव्या लागतात त्यांचे ते वजन आहे आणि ते मला अजिबात खुपत नाही. ताकद तीच, वजन जास्त, तरी वेळ तीच कशी, याचे उत्तर चारही चाकांना मिळणाऱ्या ताकदीत, एकसारख्या टॉर्कमध्ये आणि टायरमध्ये आहे. टायरचे श्रेय आपण नेहमी विसरतो. लोक इंजिनाच्या गप्पा मारतात. पण गाडी रस्त्याला धरते ती चार तळहातांएवढ्या रबरावर, आणि गेल्या पन्नास वर्षांत त्या रबराच्या रसायनात जी प्रगती झाली ती इंजिनाहून कमी नाही. सकाळी ज्या वळणावर माझे हात घामेजले होते, तिथेच दुपारी मी यारिस जास्त वेगाने, निवांत मनाने, मित्राशी सांगलीच्या भडंगाबद्दल बोलत नेली.

दोन्ही गाड्या शर्यतीच्या नियमांपोटी जन्माला आल्या, हे साम्यही मला महत्त्वाचे वाटते. पोर्शेला टर्बो शर्यतीत उतरवायची होती आणि त्यासाठी रस्त्यावर चालणाऱ्या किमान ४०० गाड्या बनवणे नियमाने भाग होते. टोयोटाला जागतिक रॅली स्पर्धेसाठी नवा पाया हवा होता आणि तिथला आकडा २५,००० होता. किंमत खाली येण्याचे एक कारण इथेच सापडते. चारशे गाड्यांवर वाटलेला संशोधनाचा खर्च आणि पंचवीस हजारांवर वाटलेला खर्च यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. शिवाय यारिसचा पुढचा भाग टोयोटाच्या एका नेहमीच्या छोट्या गाडीचा आणि मागचा भाग दुसऱ्या, थोड्या मोठ्या गाडीचा आहे. नवे तेवढेच बनवले जे नवे लागणारच होते.

पैशांचा हिशेब मी जर्मनीतलाच देतो, कारण रुपयांत तो फसवा होईल. १९७५ साली ९११ टर्बोची किंमत ६५,८०० मार्क होती. त्याच सुमारास नव्याने आलेली फोक्सवॅगनची साधी गोल्फ सुमारे ८,००० मार्कांना मिळे. म्हणजे एका टर्बोच्या पैशांत आठ गोल्फ. २०२० साली जीआर यारिस तेहतीस हजार युरोच्या आसपास सुरू झाली, आणि त्या पैशांत दोन गोल्फही येत नव्हत्या. माझ्या दृष्टीने 'परवडणारी' या शब्दाचा अर्थ एवढाच: ती स्वस्त नाही, पण वीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाच्या आवाक्याबाहेर नाही. दुःखाची गोष्ट ही की हे आवाक्यात असणे टिकेलसे दिसत नाही. ब्रिटनमध्ये २९,९९५ पौंडांपासून सुरू झालेली यारिस २०२४ च्या सुधारित आवृत्तीत ४४,२५० पौंडांवर गेली. ताकद २८० पीएस झाली हे खरे, पण ती वाढीव ताकद कुणी मागितली नव्हती.

यारिस हे एकच उदाहरण आहे असेही नाही. नुर्बुर्गरिंगच्या वीस किलोमीटरहून लांब वळणदार ट्रॅकवर १९९९ साली वाल्टर रोर्ल या थोर रॅलीपटूने ३६० पीएसची पोर्शे ९११ जीटी३ सात मिनिटे छप्पन्न सेकंदांत फिरवली, तेव्हा आठ मिनिटांच्या आत येणे हीच मोठी गोष्ट होती. २०१४ साली रेनोच्या मेगानने, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या एका हॅचबॅकने, जीटी३ हून पाऊणशेहून अधिक पीएस कमी असताना, तोच ट्रॅक सात मिनिटे चोपन्न सेकंदांत पार केला. मागची सीट काढलेली आणि टायर जवळजवळ शर्यतीचे होते हे नमूद केले पाहिजे, तरीही ही कमाई सरळ रस्त्यावरच्या साडेपाच सेकंदांपेक्षा मला मोठी वाटते, कारण तिथे ब्रेक, सस्पेन्शन आणि समतोल यांची परीक्षा असते.

विजेच्या गाड्यांनी हा सगळा हिशेब आणखी उलटापालटा केला आहे. फेरारीच्या एफ४० ने, जी १९८७ साली आली आणि ४७८ पीएसची होती, शंभरचा वेग गाठायला ४.१ सेकंद घेतले होते. एमजी ४ एक्सपॉवर ही पाच दारांची घरगुती हॅचबॅक तेच ३.८ सेकंदांत करते, आणि २०२३ साली ब्रिटनमध्ये तिची किंमत ३६,४९५ पौंड होती. हा आकडा थक्क करणारा आहे, पण तो पाहून मी हरखून गेलो नाही. विजेच्या मोटारीला शून्य वेगापासूनच पूर्ण टॉर्क देता येतो, त्यामुळे सरळ रेषेतला पिकअप आता सर्वांत स्वस्तात मिळणारी गोष्ट झाली आहे. एफ४० ताशी ३२४ किलोमीटरपर्यंत जात असे, एमजी २०० वर थांबते; एफ४० अकराशे-बाराशे किलोची होती, एमजी बॅटरीपायी कितीतरी जड आहे. अशा दोन गाड्या एका आकड्यावरून सारख्या ठरवणे मला पटत नाही. यारिस आणि जुनी टर्बो यांची तुलना पटते, कारण दोघींनी तेच इंधन जाळून, तशाच यंत्रांनी, तसेच काम केले आहे.

भारतात जीआर यारिस विकली जात नाही. आयात केलेली गोल्फ जीटीआय, २६५ पीएसची, २०२५ साली आली ती सुमारे त्रेपन्न लाखांना. जर्मनीत जी मध्यमवर्गीयाची वेगवान गाडी आहे ती आपल्याकडे आयात शुल्कामुळे श्रीमंताची होते, आणि त्यामुळे आपल्याकडच्या तरुणांना हा सगळा बदल केवळ पडद्यावर पाहावा लागतो. तरी चाकणहून आलेली एक बातमी मला मनापासून सुखावून गेली. महिंद्रच्या चाकण कारखान्यात बनणारी बीई ६, मोठ्या बॅटरीच्या २८६ पीएसच्या रूपात, शंभरपर्यंत ६.७ सेकंदांत जाते असे कंपनी सांगते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची २०४ पीएसची पोर्शे ९११ एससी ६.८ सेकंद घेत असे. बीई ६ ही दोन टनांच्या घरातली, पाच माणसांची, उंच गाडी आहे आणि वळणावर ती ९११ एससीची बरोबरी करणार नाही, हे मी वर लिहिलेल्या कारणांनीच मान्य करतो. पण हा आकडा फोनवर बाबांना सांगितला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, "चाकणला? आपल्या चाकणला?" ज्या माणसाने घाटात तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून संसार केला, त्याला यातले महत्त्व मला समजावून सांगावे लागले नाही.

जुन्या टर्बोकडे आज काय शिल्लक आहे, हेही लिहिले पाहिजे. तिचा कमाल वेग ताशी २५० किलोमीटर. यारिस २३० वर रोखलेली आहे. तिचे स्टिअरिंग रस्त्यावरचा प्रत्येक सांधा हाताला सांगते, आणि तसे स्टिअरिंग आज कुठल्याही किमतीला नवे मिळत नाही. यारिसमध्ये इंजिनचा आवाज काही अंशी स्पीकरमधून येतो, ते मला आवडले नाही. एवढे सोडले तर वेगाच्या बाबतीत माझ्या मनात आता शंका उरलेली नाही. कोरड्या, सरळ रस्त्यावर निष्णात चालक असेल तर दोन्ही गाड्या बरोबरीच्या. वळणांच्या रस्त्यावर, पावसात किंवा माझ्यासारखा सामान्य चालक असेल तर यारिस पुढे, आणि बरीच पुढे. तो साडेपाच सेकंदांचा आकडा १९७५ साली ठराविक हातांतच खरा होत असे. आज तो कुणाच्याही हातात, रोज सकाळी, पुन्हा पुन्हा खरा होतो.

परतण्यापूर्वी मित्राने यारिसची चावी त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या हातात दिली. मी मागच्या अरुंद सीटवर गुडघे दुमडून बसलो होतो, त्यामुळे त्यांचे पाय मला नीट दिसत नव्हते, पण इंजिनच्या आवाजावरून ते काय करत आहेत हे कळत होते. पहिल्या मोठ्या वळणात ते शिरले आणि वळण अर्धेही झाले नसताना त्यांनी अॅक्सिलरेटर दाबला. टर्बोवर चाळीस वर्षांत अंगी मुरलेली ती सवय होती: जोर यायला दोन क्षण लागतात, म्हणून तो वळणातून बाहेर पडताना हवा असेल तर आधीच मागून ठेवायचा. यारिसने तो तिथल्या तिथे दिला. गाडी वळणाच्या बाहेरच्या कडेकडे थोडी सरकली, चारही चाकांनी रस्ता धरला आणि ती शांतपणे बाहेर पडली. पुढचे वळण येईपर्यंत कुणी काही बोलले नाही. त्या वळणात त्यांनी वाट पाहिली, स्टिअरिंग सरळ होऊ दिले आणि मगच पाय दाबला.